मिठाच्या पाण्यातला धागा

अकरावीच्या मुलींना गुणसूत्र शिकवताना मी फळ्यावर आधी रीळ काढते. रिळाभोवती धाग्याचे पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ. रीळ म्हणजे हिस्टोन नावाच्या प्रथिनांचे आठ रेणू एकत्र येऊन झालेला गोळा, आणि धागा म्हणजे डीएनए. अशी लक्षावधी रिळं, ती पुन्हा एकमेकांवर रचलेली. एवढं सगळं मावतं कशात, तर पेशीच्या केंद्रकात, जे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. माणसाच्या एका पेशीतला धागा सरळ केला तर दोन मीटर भरतो. मुली वहीत लिहून घेतात. एखादी विचारते, "बाई, गुंता कसा होत नाही?" मी सांगते, प्रथिनं आहेत म्हणून. आणि पुढचा मुद्दा घेते.

रिळांची ही गोष्ट अलीकडे कळली. मी हा धागा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा, म्हणजे छप्पन साली, त्यात डीएनए आणि हिस्टोन एकत्र असतात एवढं माहीत होतं. ते एकमेकांना कसं धरून असतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चोवीस वर्षांची होते आणि उज्जैनच्या एका कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगनिर्देशक होते. सर शिकवायचे, मी प्रयोग मांडायचे आणि चाचा, आमचे प्रयोगशाळेतले शिपाई, काचसामान, पाणी, बर्फ, बेडूक, कांदे हे सगळं बघायचे. तिघांची प्रयोगशाळा. एक लांब खोली, उत्तरेला चार खिडक्या, सहा सूक्ष्मदर्शक. त्यातला एकच खरोखर चांगला होता. तो सर स्वतः पुसायचे.

आम्ही ज्या राज्यात राहत होतो ते राज्यच एक नोव्हेंबरला संपणार होतं. मध्य भारत जाऊन मोठा मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला. आमच्या घराण्यात चार पिढ्या दरबारची कारकुनी झालेली, त्यामुळे घरी राज्य बदलण्याचं कौतुक कुणाला नव्हतं. वडील म्हणायचे, मालक बदलला की आधी यादी होते. तसंच झालं. कुठल्या खात्यात किती माणसं, किती खुर्च्या, कोण कुणाच्या वर, याच्या याद्या सुरू झाल्या. कॉलेजांच्या सामानाच्याही. मग कळलं की विज्ञानाच्या वरच्या वर्गांच्या प्रयोगशाळा ठिकठिकाणी ठेवण्याऐवजी काही एकत्र करायच्या आहेत. आमची इथेच राहणार की दुसऱ्या शहरात हलणार, हे ठरवायला तीन जणांची समिती येणार होती.

सरांना त्या वेळी पन्नाशी उलटून गेली होती. पत्नी गेलेल्या, मूल नाही. वीस वर्षांपूर्वी ही खोली रिकामी होती तेव्हापासून त्यांनी ती भरत आणली होती. प्रयोगशाळा गेली असती तर त्यांची बदली तिच्याबरोबर झाली असती, पण तिकडे त्यांच्या वर दुसरे कुणी असणार होते. इथे ते ठरवायचे काय करायचं. तिकडे त्यांना सांगितलं गेलं असतं. एकदा कांद्याच्या मुळाची स्लाइड लावता लावता ते म्हणाले, "बाई, मला खुर्ची नको. मला ही खिडकी पाहिजे." बाकी त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला कळत होतं.

समितीला काहीतरी असं दाखवायचं की ही प्रयोगशाळा नुसती बेडूक कापत नाही, हे सरांनी ठरवलं. त्यांनी परदेशी मासिकात एक रीत वाचली होती. कोकराच्या किंवा करडाच्या गळ्याखाली थायमस नावाची पांढरट ग्रंथी असते. तिच्या पेशींमध्ये केंद्रकच जास्त, बाकी ऐवज थोडा. म्हणून तिच्यातून धागा भरपूर निघतो. ती बारीक कापायची आणि रक्ताइतक्या खारट, गार पाण्याने तीनदा धुवायची, म्हणजे केंद्रकाबाहेरचं सगळं निघून जातं. मग ती समुद्राहूनही खारट पाण्यात भिजत ठेवायची. सर समजावून सांगायचे तेव्हा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायचे. "हा धागा आम्लधर्मी, हे प्रथिन अल्कधर्मी. दोघं एकमेकांना धरून बसलेत. मीठ खूप झालं की मधे शिरतं, पकड सुटते." बोटं सोडायचे. "पातळ केलं की पुन्हा धरतात." पुन्हा अडकवायचे. त्या दाट खारट द्रवात सहापट साधं पाणी घातलं की मीठ पुन्हा रक्ताइतकं उतरतं आणि पांढरे तंतू दिसू लागतात. काचेच्या कांडीवर ते गुंडाळून उचलता येतात.

ही ग्रंथी आणणार कोण, हा प्रश्नच नव्हता. चाचांचे साले खाटीक होते.

पहिल्या खेपेला प्रयोग साधला. चाचांनी डब्यातून ग्रंथी आणली, मी तोंड फिरवून कापली, सरांनी स्वतः धुतली. दुपारपर्यंत भांड्यातला द्रव भेंडीच्या रसासारखा दाट झाला. तो गाळायला खळ नसलेलं कापड हवं होतं, तर चाचांनी भैरवगढच्या छिप्यांकडून छपाईआधीचं धुतलेलं सुती कापड आणलं. मग सरांनी पाणी ओतलं आणि कांडी फिरवली. कांडीवर पांढरा लगदा चढत गेला, कापसासारखा आणि तरी ओला, चमकदार. ओढला की लांब व्हायचा. चाचा वाकून बघत होते.

"साहब, ये उस बकरी के अंदर था?"

"हर जगह था. तुममें भी है."

"मुझमें इतना सीधा नहीं निकलेगा," चाचा म्हणाले.

सर हसले. त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नसे. प्रयोगशाळेचं लुगडं वेगळं, आल्यावर आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर. आई विचारायची, "काय कापता गं दिवसभर तिथे?"

"कांदा."

"एवढा कांदा? आणि हा हाताला वास कसला?"

"औषधाचा."

"कुणाला काय झालंय?"

कांदा खोटा नव्हता. कांद्याच्या मुळाच्या टोकात गुणसूत्रं चांगली दिसतात. पण बेडकांचंही मी सांगितलं नव्हतं, तिथे हे कुठून सांगणार.

समिती यायचा मंगळवार ठरला. बाहेरच्या लोकांनी दिवस ठरवला होता, पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या त्यांच्या पंचांगाप्रमाणे श्रावण केव्हाच संपला होता. उज्जैनला मात्र आपल्या मराठी महिन्याचाही हिशेब चालतो, म्हणून महाकाळाची सवारी, म्हणजे देवाची पालखी, तेव्हाही दर सोमवारी निघत होती. सोमवारी मांसाची दुकानं बंद. सर म्हणाले, ग्रंथी रविवारी आणून बर्फात ठेवू. चाचा म्हणाले, बासी कशाला, मंगळवारी पहाटे साला खास आमच्यासाठी काढून देईल. सरांनी थोडा विचार करून मान हलवली. तरी त्यांच्या मनात शंका राहिली असावी, कारण त्यांनी मला सोमवारी दोनदा विचारलं, "आणतील ना ते?"

मी यादी केली होती. मला यादीशिवाय काम करता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. बर्फ फ्रीगंजच्या कारखान्यातून, लाकडाच्या भुशात. कात्री दोन, उकळलेल्या. दोन्ही प्रकारचं खारट पाणी मोजून, बाटल्यांना चिठ्ठ्या लावून. गाळायचं कापड. कांडी. मंगळवारी सर सकाळी प्राचार्यांबरोबर पाहुण्यांच्या मुक्कामी जाणार होते, म्हणून कापणं आणि धुणं माझ्याकडे होतं. मी आठच्या आधी पोचले. चाचा दारात उभे होते. डब्यातली केळीच्या पानाची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. ती गरम होती. नुसती कोमट नव्हे, गरम, जिवंत अंगाला असते तशी. मी जवळजवळ टाकलीच.

"ताज़ा है, बहनजी," चाचा म्हणाले, आणि बर्फ फोडायला गेले.

मी ती बर्फावर ठेवली, गार झाल्यावर कापली आणि तीनदा धुतली. तिसऱ्या धुण्याचं पाणीही गुलाबी निघालं. वास येत होता, निदान मला येत होता. त्या गरमपणाने माझे हात अजून शहारत होते. धुण्याच्या सौम्य खारट पाण्याची बाटली संपली होती. आमच्या घरात बाहेरून आलेली कुठलीही वस्तू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतात. भाजी, डाळ, तांदूळ, सगळं. तिसरं पाणी गढूळ आलं तर चौथं घालतात, त्यात विचार करायचं काही नसतं. मी नळाचं पाणी घेतलं आणि घातलं.

तुकडे फुगले. सगळा लगदा बुळबुळीत झाला, जेलीसारखा पदार्थ बोटांना चिकटू लागला. मला वाटलं, चरबी सुटली, घाण निघाली. ती मी निपटून मोरीत टाकली आणि वर आणखी एक पाणी दिलं. मग पाणी स्वच्छ निघालं. उरलेले तुकडे तीव्र खारट पाण्यात टाकून मी यादीवर खूण केली.

साडेबाराला भांड्यात पाहिलं तर द्रव पाण्यासारखाच होता. सर आले, त्यांनी कांडी बुडवून वर काढली, थेंब टप्‌ टप्‌ पडले. तार आली नाही. "वेळ देऊ या," ते म्हणाले. मोरीत मी काय टाकलं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. साध्या पाण्याने पेशी फुटल्या होत्या आणि जो धागा आम्ही समितीला दाखवणार होतो तोच त्या बुळबुळीत लगद्यात होता. तेव्हा बोलले असते तर चाचा धावत जाऊन दुसरी ग्रंथी आणू शकले असते का? कदाचित. अडीच तास होते. मी बोलले नाही. मी बाकीच्या स्लाइडी पुन्हा पुसायला घेतल्या.

समिती तीनला आली. कांद्याची गुणसूत्रं त्यांनी पाहिली, ठीक म्हणाले. मग सरांनी बोटं अडकवून, सोडून सगळं समजावलं, फार छान समजावलं, आणि पाणी ओतलं. भांड्यात थोडा गढूळपणा आला. चार-दोन पांढरे कण खाली बसले. सर कांडी फिरवत राहिले. वाजवीपेक्षा जास्त वेळ फिरवत राहिले. पाहुण्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ पुढे वाकले.

"प्रोफ़ेसर साहब, इसमें से तो जनेऊ का एक धागा भी नहीं निकला."

दुसरे दोघे हसले. वाईट हेतू नव्हता, दुपारच्या जेवणानंतर माणसं हसतात तसं. सरांनी कांडी खाली ठेवली आणि चाचांकडे वळले.

"चाचा, सच बताइए. माल इतवार का है ना?"

"नहीं साहब, आज सुबह का है. मेरे सामने निकाला."

"कल तो सब बंद था भाई," ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले.

"कल बंद था, साहब. आज का है."

सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, सकाळी तुम्ही घेतलंत. कसं होतं?"

मी म्हणाले, "मी लगेच बर्फावर ठेवलं, सर. मला नाही सांगता येणार."

चाचांना मराठी चांगली समजायची. आमच्यात वीस वर्षं काढली होती त्यांनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकामी भांडी उचलली आणि मोरीकडे गेले.

"रहने दीजिए," सर त्यांच्या पाठीला म्हणाले. "आगे से सामान मैं ख़ुद देख लूँगा."

आदेश दसऱ्यानंतर आला. प्रयोगशाळा हलणार, सरांची बदली, मी इथेच कनिष्ठ वर्गांकडे, चाचांना कॉलेजच्या भांडारात. तो एक प्रयोग साधला असता तर निकाल वेगळा लागला असता का, हे मला माहीत नाही. आदेशात कारण म्हणून 'सोय' एवढंच लिहिलं होतं. सरांना मात्र वाटत होतं की निकाल त्या भांड्यात लागला. ते रोज ती रीत वहीत पुन्हा मांडायचे, कुठे चुकलं ते शोधायचे, मिठाचं प्रमाण, बर्फ, वेळ. शेवटी त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'साहित्य शिळे', आणि खाली रेघ मारली. त्या दिवसापासून चाचांनी आणलेली वस्तू ते उघडून बघायचे. बेडूकसुद्धा.

बांधाबांध आठवडाभर चालली. काचेला गवत, गवतावर वर्तमानपत्र, त्यावर गोणपाट. कुठल्या खोक्यात काय आहे याची यादी माझ्याकडे. एके दुपारी चाचांनी तो चांगला सूक्ष्मदर्शक उचलायला हात पुढे केला, तेव्हा सर म्हणाले, "आप नहीं." दोनच शब्द. चाचा हात मागे घेऊन उभे राहिले, आता त्या हातांचं काय करावं हे कळत नसल्यासारखे. मग बाहेर जाऊन खोक्यांना खिळे ठोकू लागले.

मी सरांना तेव्हा सांगितलं. बसूनही घेतलं नाही. खोक्याच्या कडेशी उभी राहून सांगितलं.

त्यांनी विचारलं, "साधं पाणी? किती वेळा?"

"दोनदा."

"आणि बुळबुळीत झालं ते?"

"घाण समजून टाकलं. मोरीत."

त्यांनी वही काढून 'साहित्य शिळे' खोडलं आणि त्याच्याखाली लिहिलं, 'नळाचे पाणी, दोन वेळा'. "म्हणजे रीत बरोबर होती," ते स्वतःशीच म्हणाले. त्यात समाधान होतं की काय, मला सांगता येत नाही. असलं तरी फार थोडं होतं. मग विचारलं, "ग्रंथी ताजी होती?"

"गरम होती, सर."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही. ते उठून व्हरांड्यात गेले. चाचांच्या तोंडात खिळे होते.

"चाचा, माल ताज़ा था. ग़लती हमारी थी."

चाचांनी खिळे हातात काढले. "जी साहब. मैंने कहा था." आणि पुढचा खिळा ठोकला.

सर 'हमारी' म्हणाले, 'बाईंची' म्हणाले नाहीत. त्याने मला जास्तच लागलं. दोन वर्षांनी ते तिकडूनच निवृत्त झाले. त्यांनी धागा पुन्हा काढला नाही, असं मला तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. खोली मिळाली होती, पण खिडकी दक्षिणेची होती.

सामान लादायच्या दिवशी चाचा आले नाहीत. खोकी दुसऱ्यांनी चढवली, एकाचा कोपरा आपटला. सामान सोपवल्याच्या यादीवर तिघांच्या सह्या लागत होत्या आणि मालगाडी दुपारची होती, म्हणून मी यादी घेऊन चाचांच्या घरी गेले. त्या गल्लीत मी कधी गेले नव्हते. चाचांनी दार उघडलं, खाट झाडली, बसा म्हणाले. त्यांची मुलगी, नववी-दहावीतली असेल, पाण्याचा पेला ठेवून गेली.

मी म्हणाले, "चाचा, माझी चूक झाली. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"पानी की ग़लती तो हो जाती है, बहनजी," ते म्हणाले. "हाथ से हो जाती है." मग म्हणाले, "मगर वो आपके हाथ में गरम था. ये तो आपको उसी वक़्त मालूम था."

मी हो म्हणाले.

मी यादी पुढे केली आणि सहीची जागा दाखवली. चाचांना देवनागरी वाचता येत नसे. सही उर्दूत करायचे. मी कॉलेजात आल्यापासून महिन्याच्या हजेरीवर, मोडतोडीच्या नोंदीवर, मी जिथे बोट ठेवीन तिथे ते सही करत आले होते, दुसऱ्याशी बोलता बोलता, न बघता. त्या दिवशी त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि मुलीला आत हाक मारली.

"बेटा, पढ़ के सुना."

ती उभी राहून वाचू लागली. खोकं पहिलं, परीक्षानळ्या. खोकं दुसरं, चंचुपात्रं. अडखळत, प्रत्येक ओळ. चाचा डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक ओळीला मान हलवत होते. तीन पानं होती. गाडीची वेळ होत आली होती. सगळी वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बस? इतना ही लिखा है?"

"हाँ अब्बा, इतना ही."

मग त्यांनी सही केली.